मुखपृष्ठ हाही पुरावा असतो: ‘द जंगल बुक’, १८९४

‘जंगल बुक’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? मोगली, बगीरा, भालू. १९६७ चा डिस्नेचा चित्रपट आणि नव्वदच्या दशकातली दूरदर्शनवरची मालिका यांनी ते चित्र आपल्या मनात पक्कं बसवलंय. आता १८९४ मध्ये मॅकमिलनने लंडनमध्ये काढलेली पहिली आवृत्ती बघा. निळ्या कापडी बांधणीवर सोनेरी रंगात उठवलेले हत्ती आहेत. रुडयार्ड किपलिंगच्या पुस्तकावर हत्ती का?

अनुक्रमणिका उघडली की उत्तराचा पहिला धागा मिळतो. पुस्तकात सात कथा आहेत आणि मोगली त्यांपैकी फक्त तिनांत आहे. बाकीच्या चारांत बेरिंग समुद्रातला पांढरा सील, रिक्की-टिक्की हा मुंगूस, तूमाई आणि त्याचे हत्ती, आणि लष्करी तळावर रात्री गप्पा मारणारी जनावरं. म्हणजे हा प्राणिकथांचा संग्रह होता. ‘मोगलीचं पुस्तक’ ही त्याची ओळख नंतर घट्ट झाली. तुम्ही १८९४ च्या वाचकाबद्दल लिहिताना मोगलीपासून सुरुवात केलीत, तर नंतरचा काळ नकळत आधीच्या काळावर लादला जातो. इतिहासाच्या संशोधनात ही चूक सर्रास होते. ती तुमच्या लक्षात आणून द्यायला इथे मुखपृष्ठ उपयोगी पडतं.

दुसरा प्रश्न: चित्र कोणाचं? लेखकाचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग यांचं. ते १८६५ मध्ये मुंबईत सर ज. जी. कलाशाळेत वास्तुशिल्प शिकवायला आले. रुडयार्डचा जन्म त्याच वर्षी मुंबईतला. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरची उठावशिल्पं लॉकवुड यांच्या आरेखनातून झालेली आहेत. मुंबईत असाल तर जाऊन बघाच. १८७५ मध्ये ते लाहोरच्या मेयो कलाशाळेचे प्राचार्य झाले. भारतीय माणूस आणि जनावरं यांच्या नात्यावर त्यांनी १८९१ मध्ये एक सचित्र ग्रंथही लिहिला. म्हणजे हत्ती त्यांनी वर्षानुवर्षं जवळून पाहिलेला होता.

तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत: चित्र छापलं कसं? अशा कापडी बांधणीवर रंगवलेलं चित्र जसंच्या तसं उतरत नसे. चित्रावरून धातूचा ठसा कोरायचा, कापडावर सोन्याचा वर्ख ठेवायचा आणि तापवलेला ठसा दाबायचा. छटा नाहीत, पुसट रंग नाहीत. जिथे सोनं बसलं तिथे आकार, जिथे नाही तिथे रेषा. त्यामुळे चित्रकाराला ठसठशीत आकारांत विचार करावा लागे. हत्तीचं भरीव अंग, सोंडेचं वळण, सुळे हे असल्या कामाला सोयीचे. लॉकवुड मुळात उठावाच्या कामात मुरलेले. पुढे १९०१ च्या ‘किम’साठी तर त्यांनी मातीत उठावचित्रं घडवली आणि त्यांची छायाचित्रं पुस्तकात घेतली गेली. तंत्र आणि चित्रकाराचा हात यांचा इथे मेळ बसला, असं मला वाटतं.

‘असं मला वाटतं’ हे शब्द मुद्दाम वापरलेत. मुखपृष्ठावर लिहिताना तुमच्या वहीत तीन रकाने करा. पहिल्यात नुसतं डोळ्यांना दिसतं ते: निळं कापड, सोनेरी हत्ती. दुसऱ्यात इतर साधनांनी पडताळता येतं ते: कथांची संख्या, चित्रकाराचं नाव, त्याची कारकीर्द. तिसऱ्यात तुमचं अनुमान. ‘हत्ती निवडले कारण साम्राज्याची शान दाखवायची होती’ हे वाक्य तिसऱ्या रकान्यातलं आहे. ते पहिल्या रकान्यात लिहिलंत, तर मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येईल. निवड चित्रकाराची, लेखकाची की प्रकाशकाची, हे शोधायला पत्रव्यवहाराकडे जावं लागतं. मॅकमिलनचे कागद ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि किपलिंगचे ससेक्स विद्यापीठात.

आता आपल्या घरचा प्रश्न. ग्रंथालयात पुस्तक जुनं झालं की मूळ पुठ्ठा काढून रेक्झिनची बांधणी होते. पुस्तक टिकतं, पण मुखपृष्ठ रद्दीत जातं. स्कॅन केलेल्या कित्येक प्रतीही थेट शीर्षकपानापासून सुरू होतात. नोंदपत्रकावर लेखक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठसंख्या सगळं असतं. मुखपृष्ठकाराला जागाच नसते. लोकांनी पुस्तक हातात घेतलं तेव्हा त्यांना आधी काय दिसलं, हा पुरावा अशा रीतीने कायमचा जातो.

म्हणून जुनी प्रत मूळ बांधणीसह मिळाली, तर परवानगी घेऊन पुढची बाजू, कणा आणि मागची बाजू अशी तीन छायाचित्रं काढा. ग्रंथालयाचं नाव, दाखल क्रमांक आणि तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा. पुढच्या वेळी जाल तेव्हा ती प्रत कदाचित बांधणीला गेलेली असेल.