कर्जत-खालापूर परिसरातील वादळे आणि त्यांची नोंद

वादळाचा उच्चांक निसर्गात नसतो, तो दप्तरात असतो. वारा वाहून जातो. मागे राहते ती कोणी तरी मोजलेली, लिहिलेली आणि जपून ठेवलेली संख्या. जेथे मोजणारा नव्हता तेथील वादळ कितीही प्रचंड असले तरी उच्चांकांच्या यादीत त्याला स्थान मिळत नाही. उलट, कोणी निष्काळजीपणे लिहून ठेवलेले आणि कधीच न झालेले वादळ त्या यादीत वर्षानुवर्षे बसून राहते. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांचा वादळविषयक इतिहास पाहू जाता या दोन्ही गोष्टींचा प्रत्यय येतो.

प्रथम व्यापक पार्श्वभूमी. टोर्नॅडो, म्हणजेच घूर्णवाती वादळे, यांचे सर्वांत मोठे उद्रेक अमेरिकेत नोंदले गेले आहेत. १९७४ च्या एप्रिलमधील ३ व ४ या दोन दिवसांत तेथे १४८ टोर्नॅडो झाले आणि तीनशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. २०११ च्या २५ ते २८ एप्रिल या चार दिवसांत ही संख्या ३६० वर गेली. या मोजणीमागे एक विशेष पद्धती आहे. टोर्नॅडोच्या मार्गात वायुवेगमापक यंत्र सहसा सापडत नाही, आणि सापडले तर ते बहुधा टिकत नाही. म्हणून तेत्सुया फुजिता या जपानी-अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७१ साली अशी श्रेणी मांडली की, पडलेल्या घरावरून, उखडलेल्या वृक्षावरून वाऱ्याचा जोर ताडावा. संहार हाच मोजमापाचा पुरावा झाला. अर्थात त्यासाठी वादळानंतर माणसाने पायी फिरून प्रत्येक पडझड पाहिली पाहिजे. मनुष्यहानीच्या दृष्टीने मात्र सर्वांत भीषण टोर्नॅडो बांगलादेशातील मानला जातो. २६ एप्रिल १९८९ रोजी दौलतपूर-साटुरिया भागात सुमारे १,३०० माणसे त्यात दगावली. जेथे गणना उत्तम तेथे टोर्नॅडोंची संख्या मोठी आणि जेथे घरे दुबळी तेथे मृतांची संख्या मोठी, असा हा विलक्षण विभाग आहे.

कोकणात टोर्नॅडो ही नेहमीची आपत्ती नव्हे. येथे संहार होतो तो अरबी समुद्रातून येणाऱ्या चक्रीवादळाने. (वर्तुळाकार फिरणाऱ्या वादळांना इंग्रजीत आज रूढ असलेले ‘सायक्लोन’ हे नाव कलकत्त्यातील हेन्री पिडिंग्टन याने १८४८ साली दिले. शब्दाचा जन्म आपल्याच देशात झाला, हे सहसा ध्यानात राहत नाही.) उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरील जुन्या वादळांपैकी १६१८ च्या मे महिन्यातील वादळाची हकीकत पोर्तुगीज बखरकारांनी लिहून ठेवली आहे. १ नोव्हेंबर १८५४ च्या वादळाने मुंबई बंदरातील जहाजांची मोठी हानी केली. २२ नोव्हेंबर १९४८ चे वादळ तर मुंबईतील वृद्धांच्या स्मरणात पुष्कळ काळ होते. या सर्व नोंदी बंदराच्या आहेत. गलबते, गोदामे, धक्के यांचा हिशेब ठेवणारा वर्ग तेथे होता. बोरघाटाच्या पायथ्याशी त्या दिवशी काय घडले, हे या हकीकतींतून कळत नाही.

या यादीतील सर्वांत गाजलेले वादळ मात्र घडलेच नव्हते. ६ जून १८८२ रोजी मुंबईत चक्रीवादळाने एक लक्ष माणसे मेली, असे विधान इंग्रजी ग्रंथांतून आणि आपत्तींच्या सूचींतून दीर्घकाळ उतरून घेतले गेले. १८८१ च्या जनगणनेत मुंबई शहराची लोकसंख्या ७,७३,१९६ होती. विधान खरे मानले तर एका दिवसात दर आठ माणसांतील एक नाहीसा झाला असे मानावे लागेल, आणि तशा प्रलयाचा मागमूसही समकालीन वृत्तपत्रांत व सरकारी कागदांत आढळत नाही. १८९१ च्या जनगणनेत शहराची वस्ती ८,२१,७६४ होती. अलीकडे अभ्यासकांनी हे वादळ काल्पनिक ठरविले आहे. तथापि एक सूची दुसऱ्या सूचीवरून लिहिण्याची सवय किती चिवट असते याचे हे उत्तम उदाहरण होय.

दुसरा भ्रम अधिक सूक्ष्म आहे. २०२० च्या जूनमध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळ येऊ घातले तेव्हा, जून महिन्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर धडकणारे १८९१ नंतरचे हे पहिलेच चक्रीवादळ, असे वृत्तपत्रांतून वारंवार छापले गेले. वाचकांचा समज असा झाला की १८९१ साली असेच एखादे वादळ झाले असावे. वस्तुतः हवामान खात्याचा चक्रीवादळांच्या मार्गांचा संगणकीय नकाशासंग्रहच १८९१ पासून सुरू होतो. ते साल वादळाचे नव्हे, वहीच्या पहिल्या पानाचे आहे. खात्याने १९६४ साली प्रसिद्ध केलेला जुना नकाशासंग्रह १८७७ पासूनचा होता. खुद्द खाते स्थापन झाले १८७५ साली. त्यापूर्वीचे मौन हे शांततेचे द्योतक मानता येत नाही.

‘निसर्ग’ ३ जून २०२० रोजी दुपारी अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडून जमिनीवर आले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ११० ते १२० किलोमीटर होता. इथपर्यंतची हकीकत सर्वत्र उपलब्ध आहे. श्रीवर्धन, मुरुड, दिवेआगर येथील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्याची चित्रे देशभर पोचली. परंतु वादळ किनाऱ्यावर थांबले नव्हते. ते ईशान्येकडे रायगड जिल्हा ओलांडून सह्याद्री चढले, पुणे जिल्ह्यात गेले आणि क्रमाने दुर्बळ होत दुसऱ्या दिवशी विदर्भाकडे सरकले. या वाटेत खालापूर व कर्जत हे तालुके त्याच्या वर्तुळात सापडले. चक्राचा मध्य पुढे सरकतो तशी वाऱ्याची दिशा पालटते. एका बाजूने हलून सैल झालेले झाड वा छप्पर थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने ढकलले जाते. वेग किनाऱ्यापेक्षा कमी असूनही आंब्याची व सागाची झाडे मोडतात आणि पत्रे उडतात ते यामुळे.

काळही विपरीत होता. रोहिणी नक्षत्र संपत आले होते, मृग चार-पाच दिवसांवर होता. या भागात हे दिवस आगोटीचे असतात. राब भाजून झालेले असतात, बियाणे काढून ठेवलेले असते, घरे शाकारून झालेली असतात, आणि पावसाळाभर पुरेल असे धान्य, सरपण, पेंढा घरात भरलेला असतो. ठाकूर व कातकरी वाड्यांतील पुष्कळ घरांच्या भिंती कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने सारवलेल्या. छप्पर उडाले की भिंत दोन सरींत वाहू लागते आणि आगोटीचा साठा भिजतो. कातकरी कुटुंबे हिवाळा-उन्हाळा वीटभट्ट्यांवर काढून पावसाळ्याच्या तोंडी वाडीवर परततात; त्या वर्षी टाळेबंदीने त्या मजुरीचीही वाताहत केली होती. चार महिन्यांच्या पावसापूर्वी घर दुसऱ्यांदा उभे करणे हे आठ दिवसांत साधणारे काम नव्हते. जिल्ह्यात हजारो विजेचे खांब कोसळले आणि कित्येक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. खोपोलीला १९१५ साली आणि भिवपुरीला १९२२ साली टाटांची जलविद्युतगृहे सुरू होऊन मुंबईला वीज देऊ लागली, त्या प्रदेशाची ही स्थिती होती, हे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही.

मनुष्यहानी त्या वादळात थोडी झाली. पूर्वसूचना वेळेवर मिळाली आणि किनाऱ्यावरील लोक हलविले गेले, हे श्रेय निःसंशय आहे. मृतांच्या आकड्यांवरून उच्चांक ठरविणाऱ्या सूचींत ‘निसर्ग’ म्हणून क्षुद्र ठरते. संहाराचा खरा हिशेब तलाठ्याच्या पंचनाम्यात आहे. राज्य शासनाने त्या प्रसंगी मदतीचे दर वाढविले: पूर्ण पडलेल्या घरास ९५,१०० ऐवजी दीड लाख रुपये, नष्ट झालेल्या झोपडीस ६,००० ऐवजी १५,००० आणि फळबागेस हेक्टरी १८,००० ऐवजी ५०,०००. ही वाढ मोठी होती. परंतु तिच्यातच एक श्रेणी दडलेली आहे. ज्याचे बांधकाम ‘घर’ म्हणून लिहिले गेले त्याची हानी दीड लाखाची. ज्याचे ‘झोपडी’ म्हणून लिहिले गेले त्याची पंधरा हजारांची. वारा एकच, पडझड एकच, भेद लेखणीचा. शिवाय आपत्तिनिवारण निधीच्या तत्कालीन निकषांत घर अधिकृत बांधकाम असावे अशी अट होती, आणि अनेक कातकरी वाड्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसलेल्या आहेत. फुजिताने पडलेल्या घरावरून वारा वाचला. येथे प्रथम घराची मालकी वाचावी लागते. फळबागेच्या दराबाबतही तेच. किनाऱ्यावरील बागायतदाराचे झाड सातबाऱ्यावर असते. वाडीवरील कुटुंबाचा मोहाच्या वा आंब्याच्या झाडावरील वहिवाटीचा हक्क कोणत्याच उताऱ्यावर नसतो.

यावर असा आक्षेप संभवतो की, पंचनामा हा मदतीचा कागद आहे, इतिहासाचा नव्हे. हा आक्षेप तितकासा टिकत नाही. पुढील काळातील अभ्यासक ‘निसर्ग’ने अंतर्भागात काय केले हे शोधू लागेल तेव्हा त्याच्या हाती प्रामुख्याने हेच कागद येणार आहेत, आणि त्यांत जे घर नाही ते पडलेही नाही, असा निष्कर्ष आपोआप निघेल. शासनाच्या पुढील सूच्याही अशाच पूर्वसूच्यांवरून बनतात.

याचा दाखला खालापूर तालुक्यातच मिळतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या अंगावरील इर्शाळवाडी या ठाकूरवाडीवर दरड कोसळली. तेथे त्या वेळी वादळ नव्हते, पाऊस होता. तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर. वाडीत ४८ घरे व २२८ माणसे होती. गाडीरस्ता नसल्याने यंत्रे वर नेता आली नाहीत आणि शोधकार्य फावडे-कुदळींनी करावे लागले. चार दिवसांनी ते थांबविले गेले तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ माणसे बेपत्ता ठरविण्यात आली. वाचलेल्या १४४ जणांसाठी पुढे चौकजवळ सिडकोने घरे बांधली. दरडप्रवण गावांची शासकीय यादी त्यापूर्वीच तयार होती. इर्शाळवाडीचे नाव तीत नव्हते.