वऱ्हाडातली गझलेची मैफल आणि ‘एल्गार’

वऱ्हाडात मराठी गझलेची मैफल रुजली ती मुशायऱ्याच्या, म्हणजे उर्दू कवींच्या काव्यवाचनाच्या बैठकीच्या, शेजाराने. १८५३ पर्यंत हा मुलूख निजामाच्या ताब्यात होता. अचलपूर, बाळापूर, अमरावती या गावांत उर्दू बोलणारी मोठी वस्ती तेव्हापासून आहे. शेर ऐकायचा, मान डोलवायची, आवडला तर ‘मुकर्रर’ म्हणून पुन्हा म्हणायला लावायचे, ही ऐकण्याची रीत मराठी घरांतल्या पोरांच्याही कानांवर पडत होती.

मराठीत गझल ही मैफल रुजण्याआधीही लिहिली जात होती. अठराव्या शतकात अमृतरायांनी हा प्रकार हाताळला आणि १९३३ साली माधव ज्यूलियन यांचा ‘गज्जलांजलि’ आला. ज्यूलियनांनी वृत्ताची बाजू पक्की केली. मात्र त्यांच्या बहुतेक गझला एका सलग भावनेच्या कविता राहिल्या. प्रत्येक शेर स्वतःच्या पायावर उभा राहणारी, भर मैफलीत दाद घेणारी गझल मराठीत स्थिर केली ती अमरावतीच्या सुरेश भटांनी.

भटांचा जन्म १९३२ चा. लहानपणी पोलिओने उजवा पाय अधू झाला. आईला कवितेची आवड होती, त्यामुळे कवितेची गोडी घरातच लागली. १९५५ साली बी.ए. झाल्यावर अमरावतीच्या आसपासच्या खेड्यांत त्यांनी शिक्षकी केली. १९६१ साली ‘रूपगंधा’ हा पहिला संग्रह निघाला, १९७४ साली ‘रंग माझा वेगळा’. तरीही त्यांचे नाव घरोघर पोहोचवले ते चित्रपटांनी आणि भावगीतांनी. ‘घरकुल’ (१९७०) मधले ‘मलमली तारुण्य माझे’ आशा भोसले यांनी गायले आणि सी. रामचंद्र यांनी त्याला चाल दिली. पुढे हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींवर लता आणि आशा यांच्या आवाजांत भटांची एकेक रचना येत गेली. बडनेरा आणि धामणगाव यांच्यामधल्या, कपाशीच्या शिवारातल्या चांदूर रेल्वेसारख्या गावात ही गाणी पोहोचायची ती रेडिओवरून. भटांचे अमरावती तिथून जेमतेम ३० किलोमीटर, पण ऐकणाऱ्यासाठी ते रात्रीचे, चांदण्याचे, मीलनाचे कवी होते.

त्या श्रोत्याच्या कानावर १९७९ साली ‘सिंहासन’मधले भटांचे ‘उषःकाल होता होता’ पडले. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा जब्बार पटेलांचा हा चित्रपट सत्तेच्या राजकारणाचा. आणीबाणी उठून दोनच वर्षे झाली होती आणि नव्या राजवटीकडून बाळगलेल्या आशाही मावळत चालल्या होत्या. गाण्यातला अंधार प्रेमिकांच्या रात्रीचा नव्हता, फसवल्या गेलेल्या माणसांचा होता. चार वर्षांनी, १९८३ मध्ये, भटांचा ‘एल्गार’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यात प्रेम आहेच, पण संग्रहाचा मूळ स्वर आहे एकटेपणाचा, अपमानाचा, माणसांनी केलेल्या दग्याचा आणि त्यातून उसळणाऱ्या संतापाचा. ज्या वऱ्हाडात पीक आले तरी भाव येईल याची खात्री नसते, तिथे हा स्वर परका वाटण्याचे कारण नव्हते.

तरी नाजूक भटांवर जीव जडलेल्या रसिकाला हा बदल जड जाणे स्वाभाविक होते. समीक्षेतही या गझलेला आक्रमक, टाळ्यांकडे डोळा ठेवणारी असे म्हटले गेले. हा आक्षेप पूर्णपणे खोडून काढता येत नाही. काही शेरांत आवाज अर्थापेक्षा मोठा झाला आहे. पण जुन्या वाचकाने ‘रंग माझा वेगळा’ पुन्हा उघडला असता, तर हाच काळोख तिथेही दिसला असता. दुनियेशी न जुळणारा, आपल्या जखमा मोजणारा माणूस त्या संग्रहात आधीच बसलेला होता. चाली लागलेल्या गाण्यांनी त्याला थोडा मागे ढकलला होता, एवढेच.

या निराशेचा स्वीकार कसा झाला हे समजायला मैफलीची घडण पाहावी लागते. भट आपली गझल तरन्नुममध्ये, म्हणजे स्वतःच्या साध्या चालीत म्हणत. गझलेच्या शेरात दोन ओळी, म्हणजे दोन मिसरे. पहिला मिसरा सादर करणारा दोनदा, तीनदा म्हणतो आणि थांबतो. मतल्यात, म्हणजे गझलेच्या पहिल्या शेरात, काफिया (यमक) आणि रदीफ (यमकानंतर दर शेरात तसेच येणारे शब्द) ऐकून झालेले असतात. दुसऱ्या ओळीत काफिया कुठला येईल याचा अंदाज श्रोता मनात बांधू लागतो, आणि ओळ शेवटाकडे आली की अख्खे सभागृह रदीफ एका तोंडाने म्हणते. शेर दुःखाचा असला तरी त्याची शेवटची अक्षरे शेकडो गळ्यांतून निघतात. पुस्तकात एकट्याने वाचताना बोचणारी ओळ इथे सगळ्यांची होते. शिवाय प्रत्येक शेर स्वतंत्र असल्यामुळे एका बैठकीत कडू शेराला लागूनच हळुवार शेर येतो आणि जुन्या चाहत्याला त्याचे जुने भट त्याच संध्याकाळी परत भेटतात. ‘एल्गार’ला माणसे मिळाली त्यात छापील पुस्तकाइतकाच या रीतीचा वाटा आहे. ‘उषःकाल’ तर मैफलीबाहेर पडून चळवळींच्या सभांमध्ये गायले जाऊ लागले.

भटांनी ही रीत पुढच्यांना शिकवलीही. मतला, काफिया, रदीफ, अलामत (काफियातला न बदलणारा स्वर) समजावणारी ‘गझलेची बाराखडी’ ते नव्या लिहिणाऱ्यांना टपालाने पाठवत आणि त्यांच्या गझला तपासून देत. त्यामुळे गावोगावच्या तरुणांना गझल शिकायला मुंबई-पुण्याची वाट धरावी लागली नाही. अमरावती जिल्ह्यातल्याच आष्टगावचे भीमराव पांचाळे यांनी मराठी गझलगायनाला वेगळा मंच दिला आणि मराठी गझल संमेलनांची परंपरा सुरू केली. १९९४ साली भटांचा ‘झंझावात’ आला, तेव्हा त्यातली उदासी कुणाला अनपेक्षित राहिली नव्हती. १४ मार्च २००३ रोजी नागपुरात भट गेले. सरणावरच्या माणसाच्या मनोगताची त्यांची गझल आजही मैफलींत गायली जाते, आणि तिचा रदीफ श्रोतेच पुरा करतात.