दहा सेंटांचे भग्नावशेष

करमणुकीच्या स्थळांच्या इतिहासात पाळण्यांची उंची आणि गर्दीचे आकडे आवर्जून नोंदवले जातात. ती गर्दी कशाला हसत होती, हा प्रश्न मात्र बाजूला राहतो. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरील 'स्टीपलचेस पार्क'चा विचार करताना आम्हांला हाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

जॉर्ज टिल्यू याने हे उद्यान १८९७ साली उभारले. किनाऱ्यावर विखुरलेल्या खेळांना कुंपण घालायचे आणि आत येण्याचे तिकीट लावायचे, ही त्याची युक्ती. रुळांवरून धावणाऱ्या यांत्रिक घोड्यांची शर्यत हे मुख्य आकर्षण. एकाच घोड्यावर तरुण-तरुणींना बिलगून बसता येई. चारचौघांत एरवी अशी मुभा कुठली! पण खरी गंमत पुढेच होती. बाहेर पडण्याची वाट एका प्रकाशित रंगमंचावरून जाई. तिथे खालून येणारा वाऱ्याचा झोत टोप्या उडवी, झगे उधळी. विदूषक पाठीस लागे. समोर हसणारे प्रेक्षक म्हणजे काही क्षणांपूर्वी याच मंचावर फजीत झालेली माणसे. १९०६ साली कोनी आयलंड पाहणाऱ्या मॅक्झिम गॉर्कीला तिथल्या झगमगाटात कंटाळा दिसला. नट आणि प्रेक्षक यांची ही अदलाबदल त्याच्या निष्कर्षात बसत नाही, असे आम्हांला वाटते.

१९०७ साली उद्यान जळाले. टिल्यूने दुसऱ्याच दिवशी फलक लावला: भग्नावशेष पाहण्याचे दहा सेंट! स्वतःची फजितीही त्याने मंचावर आणली, आणि पोलाद व काचेचे भव्य दालन बांधून उद्यान पुन्हा उभे केले. १९१४ साली तो वारला. पुढे अर्धशतक कुटुंबाने कारभार सांभाळला. शेजारचे 'ड्रीमलँड' १९११ साली, तर 'लूना पार्क' १९४४ साली आगीत गेले, स्टीपलचेस टिकले.

त्याला आगीने नव्हे, बदललेल्या शहराने संपवले. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, मध्यमवर्ग उपनगरांत गेला, आसपासच्या वस्तीची रया गेली. २० सप्टेंबर १९६४ रोजी उद्यान बंद झाले ते कायमचे. पुढल्या वर्षी कुटुंबाने जमीन फ्रेड ट्रम्प या बांधकाम व्यावसायिकाला विकली. १९६६ साली त्याने पाडापाडीचाच समारंभ योजला आणि दर्शनी काचेवर भिरकावण्यासाठी पाहुण्यांच्या हाती विटा दिल्या.

दोघांनीही विध्वंसाचा तमाशा केला, असे कोणी म्हणेल. भेद आहे तो इतकाच की टिल्यूच्या तमाशात हसणाऱ्याची पाळी ठरलेली होती. ट्रम्पच्या पाहुण्यांवर ती येणार नव्हती. ट्रम्पच्या नियोजित इमारतींना परवानगी मिळाली नाही. २००१ पासून तिथे बेसबॉलचे मैदान आहे. जवळच 'पॅराशूट जंप'चा उंच सांगाडा उभा आहे. १९८९ साली त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. पोलाद जतन करता येते. परस्परांच्या फजितीला एकत्र हसण्याची रीत कोणत्या यादीत नोंदवायची?