अ‍ॅम्प डिकीत का गेला? गाडीतल्या आवाजाची नव्वद वर्षं

मागचा एपिसोड ऐकून बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: गाडीचा स्टिरिओ पुढे डॅशबोर्डवर, मग अ‍ॅम्प्लिफायर मागे डिकीत कशाला? पाच मीटर वायर ओढायची हौस का?

उत्तर इतिहासात आहे. पण आधी एक कबुली. हा इतिहास मी वाचायला लागलो तो आमच्या गाडीतून धूर आला म्हणून. ती गोष्ट शेवटी सांगतो.

चला, १९३० सालच्या अमेरिकेत. शिकागोत पॉल गॅल्विन नावाचा माणूस होता. मंदीमुळे त्याचा धंदा अडचणीत आलेला. त्याने गाडीत बसणारा रेडिओ बनवून घेतला, स्वतःच्या स्टुडबेकर गाडीत बसवला आणि थेट अटलांटिक सिटीला रेडिओवाल्यांच्या अधिवेशनाला गेला. आत स्टॉल घ्यायला पैसे नव्हते. मग पठ्ठ्याने गाडी बाहेर लावली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना रेडिओ ऐकवला. ऑर्डरी मिळाल्या. त्या रेडिओचं नाव 'मोटोरोला'. पुढे १९४७ मध्ये कंपनीनेच ते नाव घेतलं. हो, आपल्या फोनवाली तीच मोटोरोला!

आता खरी अडचण ऐका. तेव्हाच्या रेडिओत व्हॅक्यूम ट्यूब असायच्या आणि त्यांना शे-दोनशे व्होल्ट लागायचे. गाडीची बॅटरी फक्त ६ व्होल्टची. म्हणून सुरुवातीला रेडिओसाठी वेगळ्या मोठ्या बॅटऱ्या गाडीच्या फरशीखाली ठेवत. म्हणजे बटणं पुढे, जड सामान दुसरीकडे, ही पद्धत तेव्हापासूनची आहे. १९३२ मध्ये जर्मनीत ब्लाउपुंक्टचा पहिला कार रेडिओ आला, तोही एवढा मोठा होता की डॅशबोर्डमध्ये मावायचा नाही. त्याची बटणं स्टीअरिंगच्या दांड्यावर दिली होती.

लवकरच 'व्हायब्रेटर' नावाचा जुगाड आला. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज वाढवतो, पण बॅटरीचा सरळ डीसी करंट त्याला चालत नाही. मग एक छोटी पत्ती सेकंदाला शंभरेक वेळा थरथरत तो करंट तोडायची-जोडायची. असा तुटक करंट ट्रान्सफॉर्मरमध्ये गेला की दुसऱ्या बाजूने शेकडो व्होल्ट बाहेर. ही पत्ती लक्षात ठेवा, ती परत येणार आहे.

१९४७ च्या डिसेंबरात बेल लॅब्जमध्ये ट्रान्झिस्टर जन्मला. १९५५ मध्ये क्रायस्लर आणि फिल्को यांनी पूर्ण ट्रान्झिस्टरचा कार रेडिओ आणला, किंमत १५० डॉलर. साधारण त्याच काळात अमेरिकन गाड्या ६ वरून १२ व्होल्टवर आल्या. ट्यूब गेल्या, व्हायब्रेटर गेला, सगळं डॅशबोर्डमध्ये मावलं. विषय संपला?

नाही ना. इथे गणित आडवं आलं. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट असतात. तेवढ्यावर थेट चालणारा स्टिरिओ, ४ ओहमच्या स्पीकरला कितीही ताणलं तरी खरे वीसेक वॉटच देऊ शकतो. खोक्यावर काहीही छापलेलं असू दे! बोलण्यासाठी तेवढे पुरतात. पण बास म्हणजे भरपूर हवा हलवायची, आणि त्याला ताकद लागते.

१९७० च्या दशकात कॅसेट आली आणि लोकांना गाडीत घरासारखा आवाज हवासा वाटू लागला. १९७३ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या जिम फॉसगेटने गाडीसाठी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर काढला. रॉकफर्ड फॉसगेट हे नाव त्याच्यावरूनच. अशा अ‍ॅम्पच्या पोटात काय असतं? १२ व्होल्ट वेगाने तोडून-जोडून ट्रान्सफॉर्मरमधून वाढवणारं सर्किट. म्हणजे तीच जुनी पत्ती, फक्त आता हलणाऱ्या भागाशिवाय आणि सेकंदाला हजारो वेळा.

पण ते जुने अ‍ॅम्प जवळजवळ अर्धी वीज उष्णतेत घालवायचे. म्हणून अंगभर अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या आणि भलं मोठं धूड. डॅशबोर्डमागे ना जागा, ना हवा. सबवूफरचा डबाही डिकीतच. मग अ‍ॅम्प तिथे गेला आणि तिथलाच झाला. १९८० मध्ये रोलंडचं ८०८ ड्रम मशीन आलं, मायामीच्या पोरांनी त्याच्या खोल बासवर अख्खी संगीतशैली उभी केली, आणि डिकी दणाणून सोडणं ही फॅशन झाली.

आता आमचा धूर.

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी बाबांच्या जुन्या हॅचबॅकमध्ये मी अ‍ॅम्प बसवून घेतला. स्वस्तात. दुकानदाराने घरात वापरतात ती २.५ स्क्वेअरची वायर ओढली. फ्यूज होता, पण डिकीत, अ‍ॅम्पशेजारी. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटाच्या अलीकडे जळका वास आला, मग बॉनेटखालून धूर. बाबांनी गाडी कडेला घेतली. बॅटरीची वायर काढायला दहा नंबरचा पाना हवा होता. तो होता डिकीत, माझ्या सबवूफरच्या डब्याखाली. शेवटी मागून आलेल्या ट्रकवाल्या काकांनी त्यांचा पाना दिला.

इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याला भोक पाडून वायर आत घेतली होती. भोकात रबर बसवलंच नव्हतं. पत्र्याच्या धारेने वायर सोलली गेली आणि बॉडीला टेकली. फ्यूज उडाला नाही, कारण शॉर्ट फ्यूजच्या आधीच झाला होता. बॅटरी आणि आग यांच्यामध्ये काहीच नव्हतं.

बाबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "अरे, तू इंजिनीअर ना? मग बघितलं का नाहीस?"

मी बघितलं नव्हतं. ओहमचा नियम पाठ होता, पण वापरला नव्हता. ४५ अँपिअरला त्या पाच मीटर वायरमध्येच सत्तरेक वॉट जळले असते. वायर हीटरच झाली असती! गॅल्विनबद्दलही एक गोष्ट सांगतात: कर्जासाठी त्याने बँकरच्या गाडीत रेडिओ बसवून दिला आणि थोड्याच वेळात त्या गाडीने पेट घेतला. म्हणजे परंपरा जुनी आहे.

तर मंडळी, बसवून घेणार असाल तर समोर उभं राहून बघा. फ्यूज बॅटरीपासून वीतभर-दोन वीत अंतरात. पत्र्याच्या भोकात रबर. जाड, शुद्ध तांब्याची वायर. अर्थिंग रंग खरवडून उघड्या पत्र्यावर. अ‍ॅम्प सबवूफरच्या डब्यावर नको, थरथरून त्याचे जोड सुटतात. वर हवेला जागा सोडा. आणि ड्रिल मारण्याआधी खाली वाकून बघा, पेट्रोलची टाकी तिथेच कुठेतरी असते.

आता क्लास-डी अ‍ॅम्प आलेत. ते फार तापत नाहीत, सीटखालीही मावतात. त्यामुळे डिकीचं मूळ कारण बरंचसं संपलंय. १२ व्होल्टचं गणित मात्र तेच आहे.

माझा अ‍ॅम्प आता सीटखाली आहे, वायरिंग मी स्वतः केलंय. आणि दहा नंबरचा पाना? तो बाबांनी ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलाय.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. आवाज बेताने, फ्यूज जागेवर!