पर्यावरण-न्यायशास्त्र : मोरा-उरण खाडीकिनारा

पर्यावरण-न्यायशास्त्र : पर्यावरणविषयक कायदे, न्यायनिवाडे व त्यांमागील तत्त्वे यांचा अभ्यास. त्याचे मोल मोरा (ता. उरण, जि. रायगड) परिसरात जवळून दिसते.

मोरा हे मुंबईतील भाऊच्या धक्क्याशी लाँचसेवेने जोडलेले बंदर. ओहोटीला गाळामुळे लाँच धक्क्याला लावणे अवघड जाते. मात्र हाच चिखल आणि काठची तिवरे हे निवट्या, चिंबोऱ्या व जिताड्यांचे घर, म्हणजे कोळ्यांचे शेतच. १९८९ मध्ये जवळच जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. पुढे भराव वाढले, भरतीचे पाणी अडले आणि मासेमारी आटली.

पारंपरिक मच्छीमारांच्या अर्जावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने २७ फेब्रुवारी २०१५ रोजी १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. त्याला आधार २०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियमाचा : कलम १५ भरपाईचे, तर कलम २० शाश्वत विकास, सावधगिरी आणि ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ या तत्त्वांचे. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांचा नाश हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील हक्कांचा भंग ठरवला.

ही तत्त्वे अभ्यासकांनी ग्रंथांतून व वर्गांतून तपासली, मांडली. गीतांजय साहू यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या पर्यावरणविषयक निवाड्यांची चिकित्सा केली (२०१४). बुजलेली खाडी भरपाईने मोकळी होत नाही. म्हणून हानी होण्याआधीच ती रोखणारा कायदा घडवणे, हेच या विद्याशाखेचे सर्वांत निकडीचे काम होय.