तंतू वाढवा, पण सावकाश : इसबगोल घेतल्यावर पोट का फुगते?

डिचोलीहून दोडामार्गकडे जाताना लागणाऱ्या लाटंबार्से परिसरात, कासारपाल, वडावल, नानोडा यांसारख्या वाड्यांवर, एका पिढीपूर्वी सकाळची न्याहारी म्हणजे उकड्या तांदळाची पेज असे. सोबतीला कुळीथ, अळसांदे, कणगां आणि पावसाळ्यात तायकिळ्याची किंवा अळूची भाजी. या ताटात आहारातील तंतू, म्हणजेच चोथा, आपोआप येत होता. आज शेतावर वा काजूच्या बागेत राबणारी मंडळी कमी झाली आहेत. औद्योगिक वसाहतीतील पाळी गाठायची म्हणून मैद्याचा पाव आणि चहा घाईघाईने घेतला जातो. पुढे बद्धकोष्ठाची तक्रार सुरू होते आणि औषधालयातून इसबगोलाचे पाकीट घरी येते.

ते पाकीट उघडल्यावर दोन-तीन दिवसांतच अनेकांची नवी तक्रार सुरू होते. पोट फुगते, गुरगुरते, वायू धरतो, कधी मुरडा येतो. 'आपल्या पोटाला इसबगोल मानवत नाही', असा निष्कर्ष काढून पाकीट फडताळात मागे ढकलले जाते. बहुतेक वेळा हा निष्कर्ष चुकीचा असतो. दोष सहसा तंतूंचा नसून ते घेण्याच्या घाईचा, अपुऱ्या पाण्याचा किंवा चुकीच्या प्रकाराच्या निवडीचा असतो. मात्र काही तक्रारी अशाही असतात की ज्या चमचाभर भुशाखाली दडवून ठेवणे जिवावर बेतू शकते. हा भेद समजून घेणे आवश्यक आहे.

तंतू म्हणजे काय?

धान्य, कडधान्ये, भाज्या आणि फळे यांतील जो भाग लहान आतड्यात पचत नाही, तो म्हणजे आहारातील तंतू. ही संज्ञा 1953 साली प्रथम वापरली गेली. 1970 च्या दशकात युगांडात काम केलेले शल्यविशारद डेनिस बर्किट यांनी तंतूंचा अभाव आणि आतड्यांचे विकार यांचा संबंध जगासमोर आग्रहाने मांडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने दररोज किमान 25 ग्रॅम तंतू नैसर्गिक अन्नातून घ्यावेत.

तंतू सर्व एकसारखे नसतात. त्यांचे पोटातील वर्तन तीन प्रकारचे असते. गव्हाच्या कोंड्यातील तंतू पाण्यात विरघळत नाहीत. ते मळाचे आकारमान वाढवतात आणि आतड्याला चालना देतात. इसबगोलाचा भुसा पाणी शोषून बुळबुळीत होतो व मळ मऊ ठेवतो, पण मोठ्या आतड्यात तो फारसा आंबत नाही. इन्युलिन आणि त्याच्या जातीचे तंतू मात्र पाण्यात विरघळतात आणि मोठ्या आतड्यातील जिवाणूंकडून झपाट्याने आंबवले जातात. 'जादा फायबर' असे लिहिलेल्या बिस्किटांत, पेयांत आणि पुड्यांत ते बरेचदा असतात.

अस्वस्थता का होते?

मोठ्या आतड्यातील असंख्य जिवाणूंना न पचलेले तंतू हे अन्न मिळते. ते आंबवताना हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्या आतड्यात मिथेन हे वायू तयार होतात. याच क्रियेत आतड्याच्या अस्तराला पोषण देणारी मेदाम्लेही तयार होतात. म्हणजे थोडा वायू होणे हे बिघाडाचे लक्षण नव्हे. परंतु वर्षानुवर्षे मैदा आणि पांढऱ्या भातावर पोसलेल्या आतड्यावर एकाएकी मोठी मात्रा येऊन पडली, तर वायू जास्त होतो आणि पोट ताणले जाते. जिवाणूंची घडण नव्या आहाराशी जुळवून घेते, पण त्यासाठी काही आठवडे द्यावे लागतात.

दुसरे कारण पाणी. इसबगोल आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषतो. पुरेसे पाणी न मिळाल्यास तो मळ मऊ करण्याऐवजी घट्ट गोळा बनवतो आणि बद्धकोष्ठ वाढते. एप्रिल-मेच्या उकाड्यात घाम गाळणाऱ्या माणसाने हे विशेष ध्यानात ठेवावे.

तिसरे कारण सोबतची वस्तू. आपल्याकडे इसबगोल रात्री कोमट दुधातून घेण्याची पद्धत आहे. ज्यांना दुधातील साखर नीट पचत नाही, त्यांचे पोट इसबगोलाने नव्हे, दुधाने फुगते. अशांनी तो पाण्यातून घेऊन पाहावा.

चौथे कारण लेबल न वाचणे. बद्धकोष्ठावरील अनेक चूर्णांत सोनामुखी असते. सोनामुखी हे तंतूंचे पूरक नसून आतड्याला आकुंचन पावायला लावणारे रेचक आहे. तिच्याने मुरडा येणे स्वाभाविक आहे आणि ती वैद्यकीय सल्ल्याविना दीर्घकाळ घेऊ नये. 'सगळी चूर्णे सारखीच' हा समज सोडून द्यावा.

सुरुवात कशी करावी?

1. पहिला आठवडा अर्धा लहान चमचा भुसा, दिवसातून एकदाच घ्यावा. पोट शांत राहिल्यास दर आठवड्याला अर्धा चमचा वाढवावा. तक्रार झाल्यास मागच्या मात्रेवर परतावे व तेथे आणखी आठवडाभर थांबावे.

2. प्रत्येक मात्रेसोबत किमान 240 मिलिलिटर, म्हणजे मोठा पेलाभर पाणी घ्यावे. भुसा पाण्यात ढवळून लगेच प्यावा. तो घट्ट होईपर्यंत ठेवू नये आणि कोरडा तर कधीच तोंडात टाकू नये.

3. घेतल्याबरोबर आडवे होऊ नये. रात्री घ्यायचा असल्यास झोपण्याआधी पुरेसा वेळ ठेवावा.

4. परिणाम दिसायला 12 ते 72 तास लागू शकतात. पहिल्याच सकाळी पोट साफ झाले नाही म्हणून मात्रा दुप्पट करणे, हे अस्वस्थतेचे सर्वांत सामान्य कारण ठरते.

5. थायरॉइड, हृदयविकार, अपस्मार वा मानसिक आजारावरील गोळ्या आणि इसबगोल यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे, कारण तंतूंमुळे औषधाचे शोषण कमी होऊ शकते. नेमके अंतर आपल्या डॉक्टरांना विचारावे. मधुमेहींनी इसबगोल सुरू केल्यावर रक्तातील साखर तपासत राहावी. जेवणानंतरची साखर कमी होऊन औषधाची मात्रा बदलावी लागू शकते.

6. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय इसबगोल सुरू करू नये.

ज्यांचे पोट मुळातच संवेदनशील आहे, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ असा ज्यांचा क्रम चालतो, त्यांना कोंड्याने त्रास वाढू शकतो. अशा रुग्णांना कोंड्यापेक्षा इसबगोलासारखा विरघळणारा तंतू घेण्याचा सल्ला दिला जातो. 'कोंडा सोसला नाही, म्हणजे तंतूच सोसत नाहीत' असे समजण्याचे कारण नाही.

कोरडे बी, अडकलेला घास

वयोवृद्धांच्या बाबतीत एक धोका प्रकर्षाने सांगायला हवा. गिळायला त्रास होणाऱ्या व्यक्तीने इसबगोल कमी पाण्यातून घेतल्यास तो घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतो. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1993 साली अशा उत्पादनांवर पुरेसे पाणी पिण्याची सूचना आणि गुदमरण्याचा इशारा छापणे बंधनकारक केले. हीच गोष्ट सब्जा आणि चियाच्या बियांची. 2014 साली अमेरिकेतील डॉक्टरांनी एका रुग्णाची हकिगत मांडली होती. त्याने चमचाभर कोरडे चिया बी खाऊन वर पाणी प्यायले, आणि फुगलेला गोळा अन्ननलिकेत अडकून बसला. सरबतात सब्जा घालताना घरातील बायका तो आधी भिजवतात, त्यामागचे शहाणपण हेच आहे. पक्षाघात झालेल्या, किंवा घास गिळताना ठसका लागणाऱ्या आजी-आजोबांना घरच्यांनी स्वतःच्या मनाने इसबगोल देऊ नये.

केव्हा थांबावे?

पोटात तीव्र कळा, उलट्या, पोट टणक होऊन फुगणे आणि वायूही न सरणे, ही आतड्यात अडथळा निर्माण झाल्याची लक्षणे असू शकतात. छातीत घास अडकल्यासारखे वाटणे किंवा श्वास घ्यायला त्रास होणे हेही तितकेच गंभीर आहे. अशा वेळी आणखी इसबगोल किंवा रेचक देऊ नये, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

याहून फसवी लक्षणे शांतपणे येतात. शौचातून रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे, अशक्तपणा व रक्तक्षय, किंवा पन्नाशीच्या आसपास शौचाची सवय अचानक बदलून ती तशीच राहणे. रक्त दिसले की 'मूळव्याध असेल' असे म्हणून इसबगोलाची मात्रा वाढवली जाते. बऱ्याचदा ती मूळव्याधच असते. परंतु मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचीही सुरुवात अशीच होऊ शकते, आणि तो लवकर सापडल्यास उपचारांना यश येण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. संकोचापायी हे महिने वाया जाऊ देऊ नयेत. डिचोलीचे सामाजिक आरोग्य केंद्र, म्हापशाचे जिल्हा इस्पितळ आणि बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय या पायऱ्या लाटंबार्सेवासीयांना उपलब्ध आहेत. पहिली पायरी वेळेत चढणे महत्त्वाचे.

पाकिटाआधी ताट

इसबगोल हा टेकू आहे, आहार नव्हे. लहान चमचा किती भरला यानुसार त्यात साधारण दीड ते साडेतीन ग्रॅम भुसा मावतो. 25 ग्रॅमचे उद्दिष्ट त्यातून गाठता येणार नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 11 ग्रॅम, तेवढ्याच कुळथात सुमारे 8 ग्रॅम आणि गव्हाच्या पिठात 11 ग्रॅमहून अधिक तंतू असतात. मैद्यात मात्र ते तीन ग्रॅमही भरत नाहीत. उकड्या तांदळात सुमारे पावणेचार, तर पांढऱ्या सुरय तांदळात तीन ग्रॅमच्या आत. मैद्याच्या पावाऐवजी पोदेराकडची कोंड्याची पोळी, आठवड्यातून दोन-तीनदा नाचणीची आंबील किंवा भाकरी, जेवणात कुळथाचे सार आणि मधल्या भुकेला पेरू, एवढ्या बदलानेही फरक पडतो.

येथेही सावकाशीचा नियम लागू आहे. अळसांदे आणि कुळीथ रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात मऊ शिजवल्यास वायू धरणाऱ्या शर्करा कमी होतात. सुरुवातीला वाटीऐवजी अर्धी वाटी पुरे. सोबत रोजचे चालणे आणि सकाळी शौचाची ठरावीक वेळ पाळावी, कारण पाळीच्या घाईत दाबून ठेवलेली शौचाची भावना हेही बद्धकोष्ठाचे एक कारण आहे.

फडताळात मागे ढकललेले पाकीट पुन्हा काढायला हरकत नाही. त्याची मुदत पाहावी, अर्ध्या चमच्याने आरंभ करावा आणि पेला पाण्याने काठोकाठ भरावा. त्यानंतरही दोन-तीन आठवड्यांत तक्रार ओसरली नाही, तर मात्रा न वाढवता डॉक्टरांना गाठावे.