कॉन्ट्रा नृत्य आणि नवखा पाहुणा

कोणत्याही कलेच्या इतिहासात तिच्यातील निष्णातांची नावे पुढे येतात; परंतु त्या कलेने नवख्या माणसास दारातून आत कसे घेतले, हे सहसा कोणी लिहीत नाही. वस्तुतः जी कला अनेकांनी मिळून करावयाची असते, तिचे आयुष्य याच गोष्टीवर अवलंबून असते. अमेरिकेतील न्यू इंग्लंड प्रदेशाच्या 'कॉन्ट्रा' नामक नृत्याचा इतिहास आम्ही येथे या दृष्टीने पाहणार आहो.

या नृत्याचे मूळ इंग्लंडात आहे. १६४९ साली पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद होऊन सत्ता प्यूरिटनांच्या हाती गेली. नवल असे की, त्याच कर्मठ काळात, १६५१ साली, जॉन प्लेफर्ड या लंडनच्या प्रकाशकाने 'द इंग्लिश डान्सिंग मास्टर' हे शंभरांवर नृत्यांचे पुस्तक चालींसह छापले. त्यातील काही नृत्यांस जोडप्यांच्या संख्येची मर्यादाच नाही. येतील तितक्यांनी लांब रांग धरावी, एवढेच सांगितले आहे. पुढे फ्रेंचांनी ही नृत्ये उचलली व 'कंट्री डान्स'चे 'काँत्रदान्स' केले. अमेरिकेत रूढ झालेले 'कॉन्ट्रा' हे नाव याच कुळातले.

त्या काळी दरबारी प्रतिष्ठा होती ती मिन्युएटची. ते एकेका जोडप्याने, साऱ्या सभेच्या नजरेखाली करावयाचे. त्याकरिता नृत्यशिक्षकापाशी दीर्घकाळ अभ्यास करावा लागे. रांगेच्या नृत्याची तऱ्हा निराळी. पुरुष एका बाजूस, स्त्रिया समोर. वरच्या टोकाचे जोडपे प्रथम नाचू लागे व एकेक घर खाली सरके. खालची मंडळी आपली पाळी येईपर्यंत उभ्या उभ्या पाहून शिकत. पावले बहुधा चालण्याचीच. चुकले तर शेजारी हात धरून योग्य जागी आणी आणि पुढच्या आवर्तनात तीच आकृती पुन्हा येई. शिक्षणाची सोय नृत्याच्या रचनेतच होती, असे म्हणावयास हरकत नाही.

आता 'स्विंग' या प्रकाराविषयी दोन शब्द. आपल्याकडील फुगडी ज्यांनी पाहिली आहे त्यांस गिरकीची कल्पना सहज येईल. मात्र येथे जोडीदार एकमेकांस जवळ धरून, एक हात पाठीशी व दुसरा हातात घेऊन गरगर फिरतात. प्लेफर्डच्या काळी असे जवळ धरणे नव्हते. दोन्ही हात धरून वळणे होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वॉल्ट्झ आला, त्याबरोबर ही मिठी आली, आणि मोठा गहजब झाला. स्वतः बायरनने १८१३ साली वॉल्ट्झवर उपहासात्मक काव्य प्रसिद्ध केले. ज्या कवीच्या नावाने सभ्य घरे दचकत, त्यानेच ही तक्रार करावी, ही गंमतच होय. कालांतराने तीच मिठी ग्रामीण नृत्यांत शिरली व स्विंग रूढ झाला.

म्हणून जुन्या नृत्यांत स्विंग थोडे किंवा मुळीच नाहीत. 'व्हर्जिनिया रील' घ्या. 'सर रॉजर डी कव्हर्ली' या इंग्रजी नृत्याचे हे अमेरिकन रूप. तेच इंग्रजी नृत्य डिकन्सने १८४३ च्या 'ख्रिसमस कॅरल'मध्ये फेझिविगच्या घरच्या मेजवानीत मालकापासून मोलकरणीपर्यंत सर्वांकडून नाचविले आहे. पुढे येऊन लवणे, हात धरून वळणे, रांगेच्या मधून धावणे, हातांच्या कमानीखालून जाणे. पाच मिनिटांत कोणासही जमावे. परंतु स्विंग नाही म्हणजे नृत्य सोपेच, असेही नव्हे. 'मनी मस्क'मध्ये स्विंग नाही, तरी त्यातील पाऊण वळणे तालात बसविताना मुरलेल्यांचीही तारांबळ उडते.

विसाव्या शतकात राल्फ पेज (१९०३–१९८५) यांनी न्यू हॅम्पशर राज्यात ही परंपरा जागती ठेवली. १९७० नंतर तरुण मंडळींचा ओघ वाढला, नवी नृत्ये रचली गेली व त्यांत प्रत्येकास जोडीदाराबरोबर आणि शेजाऱ्याबरोबरही स्विंग मिळू लागला. आनंद वाढला, यात शंका नाही. पूर्वी पुष्कळशी मौज पुढारी जोडप्यासच मिळे. पण नवख्याची अडचणही वाढली. गिरकीने भोवळ येते. थांबल्यावर तोंड कोणीकडे करावे ते उमगत नाही. वृद्धांस ती झेपत नाही, आणि अनोळखी माणसास इतके जवळ धरणे संकोची स्वभावाच्या माणसास नकोसे होते. मग तो पुन्हा येत नाही.

हे ओळखून जाणते सूत्रधार संध्याकाळचा आरंभ साध्या नृत्यांनी करतात. कँटरबरी गावचे डडली लॉफमन यांनी तर शाळांत व गावसभांत अशाच नृत्यांचा प्रसार केला. २००९ साली त्यांस अमेरिकेतील लोककलेचा राष्ट्रीय सन्मान मिळाला.

स्विंग वाईट, असा आमचा अभिप्राय नाही. प्रावीण्याची हौस ही कलेची वाढच होय. परंतु प्रवीणांच्या सुखाकरिता साधी नृत्ये पाठीमागे पडली, तर रांगेचे खालचे टोक रिकामे होते; आणि ते रिकामे झाले म्हणजे वरच्या टोकाच्या जोडप्यास सरकत जावयास जागा उरत नाही. आमच्या संगीतसभांच्या व साहित्यसभांच्या चालकांनीही हे ध्यानी धरावयास हरकत नाही.